आग हबवर, बंब बॅलन्सिंगवर

स्पेसर बसवल्यानंतर ८०-९०च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागलं, की गाडीवाल्याला तीन तोंडांतून एकच दिलासा मिळतो. ज्याने स्पेसर विकले तो म्हणतो, "थोडं हलणारच साहेब, चाकं बाहेर आलीत ना." टायरवाला म्हणतो, "बॅलन्सिंग मारून देतो, जाईल." आणि ज्याची गाडी बघून ही हौस सुचली तो मित्र म्हणतो, "दोन-चारशे किलोमीटर फिरव रे, बसेल आपोआप." तिघांपैकी एकानेही चाक खोललेलं नसतं, एकानेही व्हर्निअर हातात धरलेला नसतो. निदान मात्र तिघांचं तयार!

या दिलाशावर आपला बहुतेक गाडीवाला वर्ग समाधानी आहे, हे मला जास्त खुपतं. नव्या अलॉयवर ओरखडा दिसला तर दुकानात भांडणारा माणूस, हातातलं स्टिअरिंग ताशी ९० किलोमीटरला नांगराच्या रुमण्यासारखं थरथरत असताना "स्पेसरमुळे आहे" म्हणून गप्प बसतो. जणू हे थरथरणं म्हणजे रुबाबावरचा कर, आणि तो भरल्याशिवाय चाक फेंडरच्या रेषेत दिसणारच नाही.

हा कर कुणीही लावलेला नाही. स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यात बसणारी अॅल्युमिनियमची चकती. ती दोन्ही बाजूंनी सपाट आणि समांतर असेल आणि चाक हबच्या मध्यावर बसलेलं असेल, तर जाडीमुळे चाक थरथरण्याचं काही कारण उरत नाही. पोर्शेने आपल्या ९११ गाड्यांवर कारखान्यातूनच स्पेसर दिले आहेत. त्या गाड्या जर्मनीत २५०च्या वेगाने धावतात आणि तिथे कुणी ड्रायव्हरला "थोडं हलणारच" असं सांगत नाही. म्हणजे दोष "स्पेसर" या वस्तूचा नाही, तुमच्या हबवर बसलेल्या त्या विशिष्ट चकतीचा, तिच्या नटांचा किंवा ती बसवणाऱ्या हाताचा आहे. नव्याने सुरू झालेल्या थरथरीची मूळ कारणं बहुधा दोनच असतात: चाकाचा मध्य हबच्या मध्यावर नाही, किंवा चाकाचं तोंड हबच्या तोंडाशी समांतर नाही. दोन्ही मोजता येतात, आणि मोजायला अर्धा तास पुरतो.

आधी त्या "थोडं" या शब्दाचा हिशेब करू. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलवर येणारं १८५/६५ आर १५ मापाचं चाक घ्या. टायर आणि रिम मिळून वजन सुमारे १५ किलो. समजा, स्पेसर लावताना हे चाक मध्यापासून फक्त अर्धा मिलिमीटर सरकलं. डोळ्याला दिसणार नाही, नखाला जाणवणार नाही. पण १५ किलो अर्धा मिलिमीटर बाजूला जाणं म्हणजे रिमच्या कडेला सुमारे ४० ग्रॅमचं वजन एकाच बाजूला चिकटवण्यासारखं आहे. टायरवाल्याचं मशीन पाच ग्रॅमपर्यंतचा फरक शून्य धरतं. तुम्ही त्याच्या आठपट घेऊन रस्त्यावर उतरला आहात. हे चाक ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला सुमारे १४ फेरे मारतं. म्हणजे सेकंदाला १४ वेळा साधारण सहा किलोचा हिसका, एकदा वर, एकदा पुढे, एकदा खाली, एकदा मागे. शिवाय टायरचा गोलच मध्यापासून सरकल्याने प्रत्येक फेऱ्यात चाक जराजरा उचललं आणि टेकवलं जातं, ते वेगळं. टायर आणि स्प्रिंग यांच्यामध्ये चाकाचा स्वतःचा डोलण्याचा वेगही बहुतेक छोट्या गाड्यांत सेकंदाला १० ते १५च्या घरातच असतो. म्हणून ६०ला गाडी शहाणी, ९०-१००ला अंगात आल्यासारखी आणि कधी कधी १२०ला परत शांत. "स्पीड वाढवला की जातं" हे पुष्कळजण दिलासा म्हणून सांगतात. जात काहीच नाही. हिसका वेगाच्या वर्गाने वाढत असतो, फक्त त्या डोलण्याशी त्याचा ताल जुळेनासा होतो.

आता बॅलन्सिंग. आपल्याकडे हे सर्व रोगांवरच्या काढ्यासारखं झालं आहे आणि त्याची पावतीही मिळते, त्यामुळे विश्वास दुप्पट. पण ते मशीन करतं काय, हे एकदा बाजूला उभं राहून पाहा. चाक गाडीवरून काढतात, मशीनच्या दांड्यावर चढवतात आणि मधल्या भोकातून शंकूच्या आकाराचा कोन घालून आवळतात. म्हणजे मशीन चाकाला त्याच्या मधल्या भोकाच्या मध्यावर फिरवतं आणि त्या मध्याभोवती समतोल साधतं. पडद्यावर दोन्ही बाजूंना शून्य-शून्य येतं, आणि ते शून्य शंभर टक्के खरं असतं. मग चाक गाडीवर चढतं. तिथे कोन नाही, मशीनचा दांडा नाही. तिथे तुमचा स्पेसर आहे, आणि चाक आता वेगळ्याच मध्याभोवती फिरणार आहे. जो दोष चाकात नाहीच तो चाक काढून मशीनवर कसा सापडेल? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय! तरीही माणसं एकाच चाकाचं तीन दुकानांत बॅलन्सिंग करून घेतात, आणि रिमच्या आत चिकटपट्टीच्या वजनांची माळ वाढत जाते. पहिल्या दुकानातलं शून्य खोटं होतं असं त्यांना वाटतं का? आणि नसेल वाटत, तर दुसऱ्या दुकानात कशासाठी जातात?

अलाइनमेंटचा सल्ला तर एका वाक्यात निकालात काढण्यासारखा आहे. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग वाकडं बसतं, टायर एका कडेने झिजतो. ठराविक वेगाला चालू होऊन ठराविक वेगाला बंद होणारी थरथर ही त्याची खूण नव्हे. पडद्यावरच्या हिरव्या आकड्यांसाठी पैसे द्यायचे असतील तर खुशाल द्या.

यापेक्षा मातब्बर प्रतिपक्ष वेगळा आहे. तो थोडं वाचलेला असतो. त्याचा मुद्दा असा: "हबच्या मधोमध बाहेर आलेल्या, चाकाच्या भोकात बसणाऱ्या त्या गोल कडेला काहीही महत्त्व नाही. चाकाचा भार नटांच्या पकडीवर असतो, आणि शंकूच्या आकाराचे नट चाकाला आपोआप मध्यावर आणतात. नाहीतर अलॉयचं मोठं भोक आणि हबची कड यांच्यातली फट भरायला प्लास्टिकची रिंग चालली असती का? प्लास्टिक काय गाडीचा भार घेतंय?"

यातलं भाराबद्दलचं म्हणणं खरं आहे. एम १२ चा नट १०० न्यूटन-मीटरला आवळला की सुमारे चार टनांची पकड तयार होते. असे चार नट म्हणजे १६ टन. एवढ्या दाबाखालचं घर्षण एका चाकावरच्या ३००-३५० किलोंना सहज पुरून उरतं. म्हणून प्लास्टिकची रिंग चालते, कारण भार घेणं हे तिचं काम कधीच नव्हतं. तिचं काम त्या अर्ध्या मिनिटापुरतं असतं, जेव्हा चाक हबवर टेकवलं जातं आणि नट अजून आवळलेले नसतात. त्या अर्ध्या मिनिटात चाक कुठे लटकतं, यावर पुढचे कित्येक हजार किलोमीटर ठरतात.

"नट मध्यावर आणतात" हेही खरं, पण कधी? चाक जमिनीपासून उचललेलं असताना, चारही नट आधी हाताने बसवून, मग समोरासमोर आलटून-पालटून, दोन टप्प्यांत आवळले तर. आपल्याकडे प्रत्यक्षात काय होतं? पोरगं चाक अडकवतं. हबवर आधार नसल्यामुळे चाक स्टडवर लोंबतं, जेवढी फट असेल तेवढं खाली उतरतं. मग हवेवर चालणारी गन पहिल्या नटाला लागते आणि घर्र करून थांबते. त्या एका नटाची चार टनांची पकड बसली, की चाक खाली उतरलेल्या जागीच गोठलं. बाकीच्या तीन नटांचे शंकू त्याला तिथून हलवायला निघाले, तर त्यांना ६००-८०० किलोंचं घर्षण मोडावं लागेल. ते मोडत नाही. ते वाकडे बसतात आणि घट्ट वाटतात. गन तर सगळ्यांनाच घट्ट म्हणते.

आणि नट शंकूचेच आहेत, हे तरी कुणी पाहिलं? मारुती आणि ह्युंदाईचे मूळ नट शंकूच्या बैठकीचे, होंडाचे गोलाकार बैठकीचे. फोक्सवॅगन पोलोला तर स्टड-नट नसून बोल्ट असतो आणि त्याचीही बैठक गोलाकार. गोल बैठकीत शंकू घातला, की नट सगळ्या तोंडाने बसत नाही, एका बारीक रेषेवर टेकतो. तो मध्यावर काय आणणार? स्पेसरच्या खोक्यात जे नट येतात ते उचलून लावायचे, आटे जुळले की काम झालं, ही आपली रीत. आटे जुळणं आणि बैठक जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग विकणाऱ्या जुन्या माणसाला विचारा, तो तुम्हाला दोन नट हातात देऊन दाखवील.

हबच्या भोकाचं मापही असंच. स्विफ्ट, बलेनो यांच्या हबची मधली कड ५४.१ मिलिमीटरची. होंडा सिटीची ५६.१. रेनोच्या चार नटांच्या गाड्यांची ६०.१. तिन्हींचे नट मात्र १०० मिलिमीटरच्याच वर्तुळावर. विकणाऱ्याला तीन माल कशाला ठेवायचे? सगळ्यांत मोठ्या भोकाचा एकच ठेवला की सगळ्यांना "बसतो". बाहेरून घेतलेल्या अलॉयची तीच कथा, ७३.१ चं भोक आणि हबवर सगळीकडून मोकळी हवा. स्विफ्टच्या हबवर ६०.१ चं भोक म्हणजे सगळीकडून तीन मिलिमीटर फट. अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब वर झालाच आहे.

इथे एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण स्पेसरविरोधी मंडळीही इथेच घसरतात. पाच मिलिमीटरची साधी सपाट चकती, जी स्टडवर नुसती सरकवतात, ती स्वतः जराशी बाजूला बसली तरी फारसं बिघडत नाही. तिचं वजन पावशेर-अर्धा किलो, आणि चाक तिच्यावर नव्हे तर स्टडवर बसतं. मग थरथर कुठून येते? चाकाच्या खालून ती हबची कड खाऊन टाकते म्हणून. एकदा चाक काढून हबकडे खाली वाकून बघा. डिस्कच्या तोंडाच्या पुढे हबची गोल कड साधारण दहा मिलिमीटर बाहेर आलेली दिसते. पाच मिलिमीटर चकतीत गेली. उरली पाच. आता अलॉयची मागची बाजू पाहा. मधल्या भोकाच्या तोंडाशी धार मोडलेली असते, बहुतेक रिमांना तीन-चार मिलिमीटर उतार असतो, म्हणजे तेवढी जागा कडेला स्पर्शच करत नाही. हातात उरला जेमतेम एक मिलिमीटर. विकणारा छातीवर हात ठेवून सांगतो की "हबवर बसतंय साहेब, बघा अडकलं." अडकलं खरं, पण बोटाच्या नखावर पातेलं टेकावं तसं. पाच मिलिमीटरच्या चकतीला स्वतःची कड काढता येत नाही, अशा हबवर दहाच्या चकतीला काढली तर ती इतकी पातळ होते की टिकणं कठीण. म्हणजे पाच-दहाच्या चकत्यांवर चाक मध्यावर आणण्याचं सगळं ओझं नटांवर आणि ते आवळणाऱ्या हातावर येतं. विकताना हे सांगायला नको?

वीस-पंचवीस मिलिमीटरच्या, स्वतःचे स्टड असलेल्या स्पेसरची गोष्ट उलटी. तिथे चाक पूर्णपणे स्पेसरवर बसतं, त्यामुळे स्पेसर ज्या मध्यावर, त्या मध्यावर चाक. चूक दोनदा होऊ शकते: एकदा हब आणि स्पेसरमध्ये, एकदा स्पेसर आणि चाकामध्ये. त्यात कंपनीच्या जुन्या स्टडची टोकं कधी कधी स्पेसरच्या पुढे दोन-तीन मिलिमीटर डोकावत असतात. कंपनीच्या बऱ्याच अलॉयना मागच्या बाजूला नटांच्या भोकांमध्ये खळगे असतात, टोकं त्यात मावतात. साध्या लोखंडी रिमला असे खळगे नसतात. मग चाक स्पेसरच्या तोंडावर बसतच नाही, चार खुंट्यांवर बसतं. अशी रिम काढून उजेडात धरा: आतल्या बाजूला रंग उडालेले, नाण्याहून लहान चार गोल ठसे दिसतील आणि त्यांच्या भोवती चाक टेकायला हवं होतं तिथे रंग जसाच्या तसा. एखादा ठसा खोल, समोरचा उथळ. हे ठसे वाचायला कुठलं मशीन लागतं? पण ते वाचायला रिम उलटी करावी लागते. काउंटरवरून ते दिसत नाहीत.

तोंडाच्या वाकडेपणाचा हिशेबही तितकाच निर्दय आहे. हबच्या तोंडाच्या बाहेरच्या कडेला गंजाची एक कपची, एक दशांश मिलिमीटरची. टायरच्या परिघावर ती चौपट होऊन डोलते. शिवाय बहुतेक गाड्यांत ब्रेकची डिस्क हब आणि स्पेसर यांच्या मध्येच चेपलेली असते. गंज डिस्कच्या मागे असेल, किंवा डिस्क धरणारा छोटा स्क्रू डोकं वर काढून स्पेसरला टेकत असेल, तर डिस्कही तिरकी आवळली जाते. डिस्कला सोसणारा वाकडेपणा एक दशांश मिलिमीटरच्याही आत असतो. म्हणून काहींचं स्टिअरिंग फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरतं, आणि त्यांना नवीन डिस्क विकली जाते. ती नवीन डिस्क त्याच गंजावर बसते. पंधरा दिवस बरं वाटतं, कारण डिस्क बदलताना कुणीतरी चुकून हब पुसलेला असतो.

आता "बसेल आपोआप" या आयुर्वेदिक निदानाकडे. काय बसेल? धातूवर धातू आवळला आहे, बी पेरलेलं नाही. चाकाचा स्टड नट आवळल्यावर ताणला जातो आणि त्या ताणावरच पकड टिकते. तो ताण किती? मिलिमीटरच्या एक दशांशापेक्षाही कमी. म्हणजे मध्ये रंगाचा थर, गंज, माती असं काहीही दबून पाच-सात शतांश मिलिमीटर "बसलं", तर पकडीचा मोठा भाग गेला. गाडीवाला ज्याला बसणं समजतो ते नट ढिलं होणं असतं. स्पेसरने चाक आणि डिस्क यांच्यातल्या एका जोडाच्या जागी दोन जोड केले, म्हणजे तिथे दबायला पृष्ठभागही दुप्पट. ५०-१०० किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने नट परत तपासायचे असतात, ते याच कारणाने. "फिरव, बसेल" म्हणणाऱ्याने शेजारीच "आणि मग नट तपासायला ये" असंही म्हटलं असतं, तर त्याला काही कळतं असं मी मानलं असतं.

ढिलेपणावरून आट्यांचा हिशेब. मारुतीच्या स्टडचे आटे सव्वा मिलिमीटरचे. दहा मिलिमीटरची चकती घातली, तर नटाचे आठ आटे गेले. स्टडच्या जाडीइतकी, म्हणजे बारा मिलिमीटर, पकड नटाला हवीच. त्या स्टडवर ते नऊ-दहा फेरे होतात. नट हाताने फिरवताना मोजा. पाच-सहा फेऱ्यांत थांबला, तर थरथरीची चर्चा बाजूला ठेवा, गाडी जॅकवरून उतरवूच नका. लांब स्टड मिळतात. ते न घालता दहाची चकती चढवणारा माणूस कुटुंबासकट गाडी महामार्गावर पाठवतो आणि वर "काय नाय होत" म्हणतो!

एक विद्वान पंथ अजून राहिला. हा "स्क्रब रेडिअस" म्हणतो. चाक बाहेर गेल्यामुळे स्टिअरिंगच्या अक्षापासून टायरचं अंतर वाढतं, म्हणून थरथर, म्हणून इलाज नाही. अंतर वाढतं, कबूल. त्यामुळे चाकावरचा हिसका हातापर्यंत जास्त जोराने पोचतो, हेही कबूल. पण पोचवणं म्हणजे निर्माण करणं नव्हे. मुळात हिसकाच नसेल तर पोचणार काय? लाउडस्पीकरचा आवाज वाढवला म्हणून गाणं बेसूर होत नाही. या तर्काचा खरा उपयोग उलट दिशेला आहे: खड्ड्यात आपटून आधीच जरा वाकलेली रिम, किंवा उन्हात महिनाभर उभ्या गाडीच्या टायरला पडलेला सपाट डाग, हे स्पेसरपूर्वी हाताला कळत नव्हते आणि आता कळू लागले, असं होऊ शकतं. मग ती रिम शोधा. "स्क्रब रेडिअस" म्हणून हात झटकू नका.

आणि शेवटी आपले काका. "कंपनीचे इंजिनिअर मूर्ख होते का? काढून फेक." काकांचा सल्ला सुरक्षित आहे, एवढंच त्याचं कौतुक. स्पेसरने बेअरिंगवरचा ताण वाढतो, हे काका बरोबर सांगतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांना मर्यादा घालतं, आणि न कळवलेला फेरफार विम्याच्या दाव्यात अंगाशी येऊ शकतो, हेही त्यांनी सांगायला हवं. पण ते सांगत नाहीत, ते फक्त रागावतात. स्पेसर काढल्यावर थरथर गेली की काकांचा विजय होतो, आणि का होती ते कुणालाच कळत नाही. मग काकांचं ऐकलेला तोच पोरगा सहा महिन्यांनी ७३.१ च्या भोकाचे अलॉय बिनरिंगचे लावतो आणि तेच स्टिअरिंग पुन्हा थरथरतं. आता काका काय फेकायला सांगणार, चाकं?

स्पेसर काढून पाहणं हा निकाल नाही, ती पहिली चाचणी आहे. काढा, मूळ नटांनी चाकं लावा, त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा सपाट तुकडा किंवा समृद्धी महामार्गाचं सिमेंट यासाठी उत्तम. शहरातल्या रस्त्यावर गाडी थरथरतेय की रस्ता, हे कळत नाही. थरथर राहिली तर दोष चाकात किंवा टायरमध्ये आहे, आणि आता बॅलन्सिंगवाल्याकडे जायला हरकत नाही. गेली, तर बहुधा स्पेसरच्या बसण्यात आहे. मग हब आणि डिस्कचं तोंड वायर ब्रशने चमकेपर्यंत घासा. हबची कड आणि स्पेसरचं भोक व्हर्निअरने मोजा. स्पेसरची जाडी चार ठिकाणी मायक्रोमीटरने बघा. चाक चढवा, नट हाताने बसवा, हवेतच आलटून-पालटून आवळा आणि रिमच्या आतल्या कडेला डायल गेज लावून चाक हाताने फिरवा. एका फेऱ्यात काटा मिलिमीटरभर फिरला तर स्टडला आणि रिमला खूण करा, चाक काढून एक भोक पुढे फिरवून लावा, परत मोजा. फुगवटा रिमबरोबर फिरला तर रिम वाकडी. स्टडच्या खुणेपाशीच राहिला तर हब किंवा स्पेसर. यात काय अवघड आहे? भोसरीच्या कुठल्याही लेथवरचा किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातला टर्नर दिवसातून वीस वेळा जॉबला डायल लावतो आणि काटा थरथरला तर "आउट आहे" म्हणून पुन्हा बांधतो. तोच टर्नर तुमच्या हबच्या मापाची कड काढून स्पेसर घडवून देऊ शकतो, माप त्याला सांगितलं तर. ज्या राज्यात शतांश मिलिमीटरवर पोट चालवणारी हजारो माणसं आहेत, तिथे चाकाचं निदान अंदाजाने होतं, आणि आपण ते पैसे देऊन ऐकतो.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी कुणी काउंटरमागून "थोडं हलणारच" म्हणाला, तर त्याला तीन आकडे विचारा: माझ्या हबची कड किती, या स्पेसरचं भोक किती, आणि नट किती टॉर्कला आवळणार. आकडे आले नाहीत तर पाकीट खिशातून काढू नका. आणि ज्यांचं स्टिअरिंग आजच थरथरतंय, त्यांनी उद्याच्या प्रवासाआधी स्पेसर उतरवून मूळ नटांनी चाकं लावावीत, आणि मोजमाप झाल्याशिवाय ते परत चढवू नयेत.